न चाखलेलं मोकेंग

लामदुआन आपल्या आईवर सगळ्यांत जास्त चिडली ती आई जाऊन शंभरावा दिवस उजाडला तेव्हा, सकाळी सहाच्या सुमारास, बदकाची चाळीस अंडी फोडता फोडता. तशी ती साठ वर्षं चिडतच आली होती. पण आई होती तोवर चिडायची सोय नव्हती. आपण एक बोललो की थोंगयूबाई सात ऐकवायची. आता ती पुढच्या खोलीत चौकटीत बसली होती, पांढऱ्या फुलांच्या मधोमध, फोटोवाला 'आजी, जरा हसा' म्हणाला तेव्हा कपाळाला पडलेल्या तीन आठ्यांसकट, आणि तिथून काही बोलत नव्हती. एवढंच काय ते सुख.

भांडण होतं मोकेंगवरून. अंडी, ताडगूळ, नारळाचं घट्ट दूध आणि शिजवून वाटलेली मुगाची डाळ पितळी कढईत आटवायची, पत्र्याच्या चौकोनी ताटात ओतायची, वर आणि खाली निखारे ठेवून भाजायची आणि तोंडावर तळलेला कांदा पसरायचा. फेचबुरीत याचं कुणाला अप्रूप नव्हतं. हमरस्त्याला दोन्ही अंगांनी मोकेंगचीच दुकानं. बँकॉकची बस थांबली की बायका थाळ्यांच्या चळती घेऊन खिडक्यांखाली धावायच्या. पण जायच्या आधी आठवडाभर, आवाज पार खोल गेलेला असताना, थोंगयूबाईने थोरल्या लेकीचं मनगट धरून सांगितलं होतं, "शंभराव्याला भंतेंना मोकेंग वाढा. घरचं. रस्त्यावरचं आणलंस तर मी तोंड लावणार नाही."

"करीन की आई."

"तू?" म्हातारीने डोळे मिटून घेतले. "बघ बाई. जमायचं तर नाहीच."

भंतेंच्या हाती दिलेलं गेलेल्या माणसाला पोचतं. आणि शंभरावा दिवस म्हणजे शेवटचं मोठं पान. त्यानंतर गेलेलं माणूस आपल्या वाटेला लागतं, वर्षातून एकदा बाकीच्या पितरांच्या गर्दीत बसून मिळेल ते जेवतं. म्हणजे आईने खोड काढू नये असं काही तिच्यापुढे ठेवायची लामदुआनला ही पहिली आणि शेवटची संधी. जमलं तर जमलं. नाही तर 'जमायचं तर नाहीच' हे वाक्य डोक्यावर घेऊनच तिला उरलेलं आयुष्य काढायचं होतं.

लामदुआन शिवणकाम करायची. चाळीस वर्षं आसपासच्या सगळ्या शाळांचे गणवेश तिच्या यंत्राखालून गेले. पांढरे सदरे, निळे झगे, छातीवर नावाची बारीक भरतकामाची ओळ. गावातल्या कर्त्या माणसांची लहानपणीची मापं तिला अजून पाठ होती. मापाची फीत गळ्यात नसली तर तिला अंगावर काही घातलंच नाही असं वाटे. मधे एकदा जमीनमोजणी खात्यातल्या एका शांत माणसाने तिला मागणी घातली होती. आई म्हणाली, "जा की. मला काय, मी आज आहे उद्या नाही." त्यानंतर आई पस्तीस वर्षं होती.

आणि अशा मापातल्या बाईला आई मिळाली ती कशालाच माप नसलेली.

"आई, अंडी किती घ्यायची?"

"बदकांनी दिली तेवढी."

"गूळ किती?"

"अंडी सांगतील."

"आणि मीठ?"

"मीठ विचारतात होय? शिवणाऱ्या बाईने कात्रीला विचारावं तसं झालं हे."

एकदा तर लामदुआनने आईच्या पाठीमागून वही-पेन्सिल घेऊन सगळं टिपायचा प्रयत्न केला. गुळाचा खडा कढईत पडायच्या आत तराजूत घातला, तर म्हातारीने तो तराजूच खिडकीतून खाली फेकला. खाली बदकं होती. एक लंगडं झालं. ते पुढं बरीच वर्षं तसंच लंगडत हिंडायचं आणि लामदुआनला पाहिलं की ओरडायचं.

मोकेंगमध्ये लामदुआनच्या वाट्याला आग तेवढी यायची. सहा वर्षांची असल्यापासून. कढईपाशी आई, आणि मागल्या दाराच्या पायऱ्या उतरून अंगणात निखाऱ्यांपाशी ती. नवं वर्ष असो, वर्षावासाची सुरुवात असो की कुणाचं श्राद्ध, मिश्रण आटत आलं की हाक यायची, "दुआन, आग बघ!" कढईजवळ कांदा निवडत बसलेली लामदुआन उठायची, बारा पायऱ्या उतरून आग बघून यायची. आग ठीकच असायची. दर वेळी ठीक असायची. तरी दर वेळी हाक यायची.

तर आज सहा वाजता ती एकटी चाळीस अंडी फोडून, त्यात रंप्याच्या सुवासिक पानांची जुडी बुडवून, अंडी हातांनी पिळून-चोळून एकजीव करत बसली होती. कोपरापर्यंत हात पिवळे झाले होते. तेवढ्यात धाकटी बहीण बुनरुआन स्वयंपाकघरात आली. सगळे तिला बुन म्हणत. बँकॉकला विम्याच्या कचेरीत होती, काल संध्याकाळी आली होती, आणि येताना तिने एक खोकं आणलं होतं.

"ताई, किती वेळ चोळत बसणारेस? हे घे. दोन मिनिटांचं काम."

"काय आहे ते?"

"विजेवर चालतं. अंडी फेटायचं."

"मोकेंग फेटतात होय गं? फेस होतो. फेस झाला की भाजताना तोंडावर फोड येतात. देवी आलेल्या पोरासारखं दिसतं."

"कुणी सांगितलं?"

"आईने."

"आईने सांगितलं म्हणजे झालं का?"

"आज झालं. आज तिचाच दिवस आहे. ठेव ते खोक्यात, आणि मूग वाटायला घे."

"नखं आत्ताच रंगवलीत गं."

लामदुआनने मान वर करून तिच्या नखांकडे पाहिलं. लालभडक होती. श्राद्धाला. काही बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आई असती तर बोलली असती, हे आठवून ती आणखीच चिडली.

गूळ घेऊन येणारे चुएबमामा सहाला येतो म्हणाले होते, ते सव्वासातला उगवले. आईचा सगळ्यांत धाकटा भाऊ; वय बहात्तर, दात सहा, आणि बांधावरच्या अकरा ताडांवर अजून स्वतः चढायची खुमखुमी. ताडीचा आंबूस वास त्यांच्या पुढे चार पावलं चालत आला.

"मामा, किती वाजले?"

"ताडाला घड्याळ नसतंय पोरी. रस गळंल तवा गळंल."

"रस गळून गूळ होईपर्यंत थोडा तुमच्याही घशात गळला वाटतं."

"चाखल्याबिगार कळतंय व्हय, रस आंबला का न्हाई?" मामा सहाही दात दाखवून हसले आणि केळीच्या पानात बांधलेला गुळाचा गोळा पुढं केला. अजून कोमट होता. बाजारच्या गुळात पांढरी साखर मारलेली असते. हा मात्र बोटाने दाबला की लोण्यासारखा दबत होता. लामदुआनने तो पिवळ्या हातांनी घेतला, फोडून पानांच्या जुडीखाली घातला आणि पुन्हा पिळायला लागली. निदान गूळ तरी बरा होता.

नऊ भंते दहाला येणार होते. साडेदहाला पठण, अकराला जेवण. माध्यान्ह टळली की भंते पाण्याखेरीज काही घेत नाहीत. उशीर झाला तर मोकेंग झालं काय नि न झालं काय. म्हणजे उलट हिशेब मांडला तर साडेनऊला ताट निखाऱ्यांवर हवं. लामदुआनने हे सगळं खडूने भिंतीवर लिहून ठेवलं होतं, आणि पुढच्या खोलीत जमलेल्या नातलगांनी त्याच्यावर पाणी ओतायचा जणू विडाच उचलला होता.

"दुआन, चटया कुठंयत गं?"

"दुआन, आसनं आठच आहेत! नववं कुणी नेलं?"

"दुआन, पिण्याचं पाणी कुठल्या माठातलं?"

"अगं दुआन, मांजर फुलांवर बसलंय!"

प्रत्येक वेळी ती कढईवरून ओरडून उत्तर देई. बुन कढईत डाव फिरवायला बसली की अर्ध्या मिनिटात 'ताई, तळाला लागतंय बहुतेक' म्हणे, आणि लामदुआन तिच्या हातून डाव हिसकावून घेई. मिश्रण दाटत होतं. गाळलेली अंडी, मूग, नारळाचं दूध सगळं एकमेकांत जिरून कढईच्या कडेने हळूहळू सुटायला लागलं होतं. वास अगदी आईच्या मोकेंगचा येत होता. लामदुआनला बरं वाटलं. क्षणभरच. तिने मिठाच्या बरणीत हात घातला, चार बोटांत येईल एवढं मीठ घेतलं, आणि नेमकी पुढून हाक आली.

"दुआन, दोरा पुरत नाही! आईच्या फोटोपर्यंत येतच नाही!"

बुद्धाच्या मूर्तीपासून भंतेंच्या हातांतून गेलेल्या माणसाच्या फोटोपर्यंत पांढरा दोरा जावा लागतो. तो हातभर कमी पडला होता. आयुष्यभर दोरा हाताळलेल्या बाईच्या घरात दोरा कमी पडावा यापेक्षा वेगळी शरम कुठली? लामदुआन धावली. कुणी मापून आणला, कशाने मापला, असं ओरडत तिने आपल्या शिवणाच्या पेटीतून पांढरं रीळ काढलं, चार पदर पिळले, गाठ दिसणार नाही अशी गाठ मारली, दोरा फोटोभोवती गुंडाळला. आईच्या कपाळावरच्या आठ्या होत्या तशाच होत्या.

परत कढईपाशी आली तेव्हा हात रिकामा होता.

लामदुआन त्या हाताकडे बघत उभी राहिली.

"बुन, मी मीठ टाकलं का गं?"

"मला काय माहीत? मी मुगाचं भांडं धूत होते."

"माझ्या हातात मीठ होतं. हाक आली. ते मी कढईत टाकलं, की बरणीत परत टाकलं, की लुंगीला पुसलं?"

"जरा आठव ना."

"आठवलं असतं तर तुला विचारलं असतं का?"

तिने लुंगी झटकून पाहिली. बरणीत डोकावून पाहिलं. मीठ काही सांगेना. कढईत तर सगळं विरघळून गेलेलं. आता पुन्हा टाकावं आणि आधी पडलेलं असावं, तर खारवलेली मासळी होणार. न टाकावं आणि पडलेलं नसावं, तर नुसता गुळाचा चिकटा. अंडी संपलेली. भिंतीवरच्या वेळांप्रमाणे हातात वीस मिनिटं.

"एवढं काय त्यात," बुन म्हणाली. "चमच्याच्या टोकावर घे आणि चाखून बघ."

"भंतेंच्या आधी?"

"कुणी बघत नाहीये."

"आई बघतेय!"

नव्या वर्षाच्या एका सकाळी, लामदुआन नऊ वर्षांची असताना, डावावरून ओघळलेला मोकेंगचा एक थेंब तिने बोटाने टिपून जिभेला लावला होता. थोंगयूबाईने अशी एक ठेवून दिली की कानात दिवसभर माशी गुणगुणत राहिली. मग हाताला धरून विहारात नेलं, मोठ्या भंतेंपुढे गुडघ्यांवर बसवलं आणि माफी मागायला लावली. घरी येताना वाटेत सांगितलं, दान द्यायच्या आधी जो चाखतो तो मेल्यावर प्रेत होतो, भुकेलं भूत. ताडाएवढा उंच, पोट रांजणाएवढं आणि तोंड सुईच्या नेढ्याएवढं. भूक कधी भागत नाही. त्या दिवसापासून सुईत दोरा ओवताना दर वेळी लामदुआनला ते तोंड आठवायचं. दिवसातून वीस वेळा तरी ती सुई ओवायची. एकावन्न वर्षं.

"कोंबडीला घालून बघूया का?" बुनने सुचवलं.

"कोंबडी काय सांगणारे? 'चिमूटभर कमी पडलं बाई' म्हणून?"

"मग शेजारच्या..."

"माणूस नको, जनावर नको, कुणी नको! पन्नास वर्षं आईने न चाखता केलं. एकदा चुकलं नाही. एकदा! आणि मला एक वेळ, एकच वेळ..." ती डाव घेऊन कढई ढवळत राहिली, जणू ढवळून मीठ वर येणार होतं.

दारात चुएबमामा पाणी प्यायला आले होते. तांब्या तोंडाला लावलेला तसाच धरून ते ऐकत होते. मग तांब्या खाली ठेवून ते असे हसायला लागले की त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

"काय झालं मामा?"

"न चाखता! आक्का! न चाखता!"

"हसायला काय झालं?"

"आगं पोरी, तुझी आई धा वर्साची व्हती तवापास्नं चाखत आलीया. आमच्या आयच्या मागं हुबी ऱ्हायाची अन् लपून डाव चाटायची. म्या बघितलंय की डोळ्यांनी. मला बी द्यायची थोडं, गप बसावं म्हनून."

"लहानपणी असेल. मोठेपणी नाही."

"मोठेपनी कवा सोडलं तिनं?" मामांनी डोळे पुसले. "तू आग बघाया जायाचीस न्हवं? 'दुआन, आग बघ!'"

त्यांनी आईचा आवाज इतका हुबेहूब काढला की बुनसुद्धा दचकली.

लामदुआनच्या हातातला डाव थांबला.

"आग..." ती म्हणाली.

"आगीला काय धाड भरल्याली? तू कांदा निवडत कडंलाच बसल्याली असायचीस. तुला उठवल्याबिगार तिला चाखता यायचं न्हाई. तू पायरी उतरलीस की हिनं मारला चमचा. मग मीठ. मग आनी एक चमचा. तुला थोबडवली ना, त्या दिशी बी म्या हितंच बसलो व्हतो. आक्काच्या व्हटाला मोकेंग तसंच व्हतं."

"मामा, हे तुम्ही आज सांगताय?"

"ती व्हती तवर सांगायची कुनाची टाप व्हती?"

लामदुआन भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. बारा पायऱ्या खाली, बारा वर. वर्षाला सणवार, श्राद्धं, लग्नं धरून दहा-बारा वेळा. पन्नासाहून जास्त वर्षं. पावसात घसरड्या, उन्हात पोळणाऱ्या. चाळिशीनंतर गुडघा दुखायला लागला तो याच पायऱ्यांनी. खाली जाऊन बघायचं काय, तर बऱ्या असलेल्या निखाऱ्यांना बरं म्हणायचं. नुसतंच परत यायला लाज वाटे म्हणून ती खाली बसून खरोखर बघायची. करवंटीचा निखारा किती वेळ तग धरतो, नारळाच्या सोडणाचा किती. वरच्या पत्र्यावर राख पांढरी झाली की किती फुंकर घालायची. वास गोडाचा करपट कधी होतो. आणि वर आई चमचे मारत होती!

"मेली," लामदुआन म्हणाली. मेलेल्या माणसाला हे म्हणायचं नसतं हे तिच्या लक्षात आलं, पण आता शब्द गेला होता.

बुन तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती. लाल नखं चमकत होती.

"बुन," लामदुआन म्हणाली, "आग बघ."

"आत्ताच बघून आले. चांगली आहे."

"बघ म्हटलं ना!"

बुनने तिच्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पायऱ्या उतरायला लागली. "म्या बी येतो, आग लई मोठी जबाबदारी हाय," म्हणत मामा तिच्या मागून गेले.

लामदुआनने चमचा घेतला. मागल्या दाराकडे पाठ केली. मग वाटलं, समोर, पुढच्या खोलीत, नेमकी आईच आहे. म्हणून खिडकीकडे पाठ केली. शेवटी कोपऱ्यात तोंड घालून, साठ वर्षांची बाई, तिने चमचा तोंडात घातला.

मीठ होतं. अगदी नेमकं होतं. गूळ जिभेवर पसरायला लागला की बरोबर त्याच जागी ते उभं होतं, आणि मागून नारळ.

म्हणजे हात बरोबर होता. पाप फुकट गेलं. आता तिचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं होणार, तेही काही कारण नसताना! ती तशीच कोपऱ्यात उभी राहिली. आणि मग तिने आणखी एक चमचा घेतला. हा मात्र कशासाठी घेतला, ते तिला कुणाला सांगता आलं नसतं.

साडेनऊची वेळ गाठली. ताट निखाऱ्यांवर बसलं, वर पत्रा, पत्र्यावर निखारे. लामदुआन खाली उकिडवी बसून पहिली फुंकर घालते तोच वरून गलका झाला. भंते आले. अर्धा तास आधी. विहाराची गाडी आज कधी नव्हे ती वेळेच्या आधी निघाली होती.

"दुआन! मेणबत्ती तू लावायचीस! थोरली तू आहेस!"

"बुन, इथं बस," लामदुआन दात आवळून म्हणाली. "खालचे निखारे हलवू नकोस. वर राख धरली की हळूच फुंकर. पंख्याने वारा घालायचा नाही. कळलं? फुंकर!"

"कळलं गं. लहान आहे का मी?"

पुढच्या खोलीत लामदुआनने मेणबत्त्या लावल्या, उदबत्त्या लावल्या, पाय मागे दुमडून, हात जोडून बसली. नऊ भंतेंच्या हातांतून तिचा गाठ मारलेला दोरा फिरला. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. तिसरं शील म्हणताना पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून वास वर आला. गोडाचा. ठीक. मोठं पठण सुरू झालं. वास तांबूस झाला. अजून ठीक. भंतेंचे आवाज लाटेसारखे उतरत चढत होते. आणि मग त्या वासाच्या एका कडेला काहीतरी टोचलं.

पंखा. बया पंख्याने वारा घालतेय.

पठण चालू असताना उठता येत नाही. थोरल्या लेकीला तर नाहीच नाही. तिने जोडलेल्या हातांआडून मामांना डोळ्यांनी खुणावलं. मामा हात जोडून, डोळे मिटून, अत्यंत भक्तिभावाने झोपले होते. मागच्या बाईला कोपराने ढोसलं, तर ती समजली मान जास्त लववायला सांगतेय, आणि पार जमिनीला टेकली. खालून टोक टोक आवाज येत होता. आता पत्रा सरकवतेय ही! उजव्या अंगाला! भंते अनित्यतेबद्दल म्हणत होते, सगळं जन्मतं, सगळं विरतं, आणि लामदुआनला डोळ्यांपुढे मोकेंगचा उजवा कोपरा विरताना दिसत होता. तिला रडू यायला लागलं. शंभर दिवसांत पहिल्यांदा. पाहुण्या बायका एकमेकींना हळूच म्हणाल्या, बघा, आईवर किती जीव होता.

पठण संपलं तशी ती बारा पायऱ्या चार उड्यांत उतरली.

उजवा कोपरा तव्याच्या बुडासारखा काळा होता. बाकीचं ताट बरं होतं. बरं म्हणजे कुठे तांबूस, कुठे पिवळट, आईच्या डोळ्यांना टोचेल असं.

"फुंकर सांगितली होती ना!"

"फुंकून फुंकून चक्कर यायला लागली ताई!"

"मग मला हाक मारायचीस!"

"भंते म्हणत असताना?"

लामदुआनने सुरीने काळा कोपरा कापून वेगळा ठेवला, तळलेला कांदा जरा सढळ हाताने पसरला, ताट धुतलेल्या फडक्याने पुसलं आणि वर नेलं. मोठ्या भंतेंनी पुढे वस्त्र पसरलं. बाईच्या हातून ते थेट घेत नाहीत. तिने त्या वस्त्रावर ताट ठेवलं आणि तीनदा मस्तक टेकवलं. आता ते आईचं झालं होतं. आता कुणाला काही करता येत नव्हतं.

मोठे भंते ऐंशीच्या पुढचे. नऊ वर्षांच्या लामदुआनला त्यांनीच माफ केलं होतं. त्यांचं बोलणं मुळातच कमी. भात झाला, आमटी झाली, मासळी झाली. मग त्यांनी मोकेंगचा तुकडा घेतला. एक घास. दुसरा. लामदुआन दाराशी बसून त्यांच्या जबड्याकडे बघत होती. बरोबर सतरा वेळा हलला.

"थोंगयूचंच," ते म्हणाले.

लामदुआनचे खांदे खाली आले.

मग त्यांनी तुकडा थोडा फिरवून त्याचं तोंड पाहिलं. "आज आगीला तू नव्हतीस."

"नाही भंतेजी. मी इथं बसले होते. खाली धाकटी होती."

"हं." ते आणखी एक घास खाईपर्यंत थांबले. "तुझी आई दर वेळी सांगायची. मिश्रण कुणीही आटवील भंतेजी, आमच्या दुआनसारखी आग मात्र कुणाला येत नाही."

लामदुआन तोंड उघडं टाकून बसली. "कुणाला सांगायची?"

"मला."

"आणि मला?"

मोठ्या भंतेंनी पाण्याचा पेला उचलला.

जेवणं उरकली. आशीर्वादाचं पठण सुरू झालं, तसं लामदुआनने छोट्या तांब्यातून वाटीत पाण्याची धार धरली. केलेलं सगळं पुण्य या पाण्याबरोबर आईकडे जायचं. बुन तिच्या मागे बसली होती आणि रीतीप्रमाणे तिचा हात ताईच्या खांद्यावर होता. काळवंडलेला, लाल नखांचा. धार अखंड पडायला हवी, मधे तुटता कामा नये. लामदुआनने ती हळू, एकसारखी धरली. ओठांत भंतेंच्या मागून शब्द म्हणत होती, मनात मात्र दुसरंच चाललं होतं.

'पन्नास वर्षं भंतेंना सांगितलंस. मला सांगायला काय झालं होतं? जीभ झडली असती? चमचे मारायला बरी चालायची. बरं, ते असू दे. खा आता. मीठ बघून टाकलंय. दोनदा चाखलंय, सांगून ठेवते. प्रेत झाले तर तुझ्या शेजारीच येऊन उभी राहीन, ताडाएवढी. कोपरा जळलाय तो बुनचा आहे, माझा नव्हे. आणि आठ्या घालू नकोस.'

वाटी भरली. लामदुआन उठली, वाटी घेऊन मागल्या दाराने पायऱ्या उतरली, गुडघा धरून, एकेक करून. पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचं असतं. ते ओतून वळली, तेव्हा भाजायच्या जागेतले निखारे अजून धुमसताना दिसले.

तिने खाली बसून पाहिलं. ठीक होते.